नागपूरचा उन्हाळा आणि संगणकाचा वेग

वैयक्तिक संगणकाच्या प्रगतीचा इतिहास बहुधा वेग आणि साठवणक्षमता यांच्या वाढत्या आकड्यांतून सांगितला जातो. परंतु या यंत्राची आजची घडण ज्या एका गोष्टीने ठरवली ती म्हणजे उष्णता, आणि २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवणाऱ्या नागपुरात तो विषय निव्वळ सैद्धान्तिक राहत नाही.

आयबीएमने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इंटेलची ८०८८ ही चिप होती. तिच्यात सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारे सूक्ष्म खटके, होते आणि ती ४.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके, या गतीने चालत असे. तिची उष्णता इतकी थोडी होती की तिच्यावर पंखा तर नव्हताच, धातूचा साधा तुकडाही बसवावा लागला नव्हता. १९९३ च्या पेंटियममध्ये ट्रान्झिस्टरांची संख्या ३१ लाखांवर गेली आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा, व त्यावरील पंखा हे घरगुती संगणकाचे नित्याचे भाग झाले.

तरीही वेग वाढत राहिला, याचे कारण रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेल्या नियमात आहे. खटक्याच्या उघडझापीत खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवला, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालूनही तिथली उष्णता वाढत नाही. मात्र व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास येताच खटका पुरता बंद होईनासा होतो आणि काम नसतानाही वीज झिरपत राहते. ही मर्यादा २००४ मध्ये उघड झाली. पेंटियम ४ चा वेग ३.८ गिगाहर्ट्झवर आणि उष्णता ११५ वॅटवर पोहोचली, तेव्हा इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या चिपचा बेत सोडून दिला.

विदर्भाच्या दृष्टीने हा काळ अडचणीचाच होता, कारण महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यातालुक्यांत संगणकवर्ग उघडत होते, आणि भारनियमनही त्याच वर्षांतले. हीटसिंकमधून बाहेर पडणारी उष्णता चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. चिपची कमाल मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ अंशांचा मिळतो आणि ४५ अंशांच्या खोलीत केवळ ५५ अंशांचा. म्हणजे तोच पंखा, तोच ठोकळा, पण क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटलेली. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देणारा कूलर येथे उपयोगी पडतो खरा, परंतु त्याच्या दमट हवेत धूळ पात्यांवर चिकटून बसते, आणि वीज गेल्यावर यूपीएस संगणक काही मिनिटे तगवतो, कूलर नव्हे. मर्यादेपाशी पोहोचलेली चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपणहून कमी करते. वापरणाऱ्याला मात्र संगणक ‘स्लो’ झाल्याचे दिसते, आणि दोष बिचाऱ्या व्हायरसच्या माथी जाण्याची शक्यता अधिक.

उत्पादकांनी यातून काढलेली वाट म्हणजे एका चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारे विभाग, बसवणे. कमी वेगाने व कमी व्होल्टेजवर चालणारे दोन कोअर एका वेगवान कोअरपेक्षा कमी विजेत अधिक काम करतात, मात्र ते काम वाटून देता येण्याजोगे असावे लागते. २००६ च्या कोअर २ ड्युओ मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप चिपांची उष्णता ६५ वॅटवर उतरली, आणि २०२० मध्ये अॅपलच्या १६०० कोटी ट्रान्झिस्टरांच्या एम१ चिपवर मॅकबुक एअर पंख्याविना चालू लागला. खरी प्रगती मोजायची तर ती येथे मोजावी, कारण १९८१ ते २००४ या काळात सुमारे ८०० पटींनी वाढलेला ठोक्यांचा वेग पुढील १८ वर्षांत जेमतेम दीडपट झाला.

तोही फुकट मिळालेला नाही. ५.८ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी इंटेलची कोअर आय९-१३९००के ही २०२२ ची चिप पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेते आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तेव्हा मे महिन्यात असा संगणक बंद खोलीत चालवणाऱ्या नागपूरकराने एसी घेताना खोलीत अडीच माणसे जास्तीची धरावीत.