शोधनिबंधाचे संदर्भ मोबाईलवर कसे लावायचे? माझा निबंध परत आला तेव्हा शिकलेलं

मी पालीचा. अष्टविनायकाची पाली नाही हं, बीड जिल्ह्यातली. बिंदुसरा धरणाची. पाऊस चांगला झाला की सांडवा बघायला बीडहून गाड्यांची रांग लागते, ती पाली.

भूगोलात एम.ए. केल्यावर मी याच धरणावर आणि बीडजवळच्या खजाना विहिरीवर इंग्रजीत एक शोधनिबंध लिहिला. लॅपटॉप नव्हता, सगळं मोबाईलवर. दुसऱ्या लेखक म्हणून गाईड मॅडमचं नाव होतं. एका जर्नलला पाठवला आणि काही दिवसांत परत आला. मजकुराबद्दल चकार शब्द नाही. फक्त दोन ओळी: संदर्भ आमच्या स्टाईलमध्ये नाहीत, आणि सातव्या संदर्भाचा डीओआय भलत्याच लेखाचा आहे.

पहिली ओळ वाचून वैताग आला. दुसरी वाचून पोटात गोळा आला. तेवढ्यात मॅडमचा फोन. "हा सातवा पेपर तू स्वतः वाचलास का?"

झालं होतं असं. माझ्याकडे त्या लेखाची झेरॉक्स होती, पण पहिलं पान नव्हतं. लेखकाचं आडनाव आणि विषय एवढंच माहीत. मी माझी कच्ची यादी एका एआय चॅटबॉटला दिली आणि म्हटलं, नीट करून दे. त्याने सातव्याला साल, जर्नलचं नाव, अंक, पानं, डीओआय सगळं लावून दिलं. दिसायला एकदम चकाचक. पण सगळं बनावट.

चॅटबॉट मुद्दाम खोटं बोलत नाही, बरं का. संदर्भ कसा दिसतो हे त्याला पाठ असतं, म्हणून रिकाम्या जागी शोभेल असं काहीतरी तो भरतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, मुळात नसलेले निकाल दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड बसला. माझ्या बाबतीत दंड नव्हता. पण मॅडमचं नाव त्या यादीवर होतं.

आधी स्टाईल म्हणजे काय ते बघू

संदर्भ म्हणजे पत्ता. वाचणाऱ्याला मूळ कागदापर्यंत पोचता आलं पाहिजे. तो पत्ता कुठल्या क्रमाने लिहायचा, हे जर्नल ठरवतं. सामाजिक शास्त्रांत बहुतेक वेळा एपीए. तिची सातवी आवृत्ती २०१९ ची. वाक्यात कंसात आडनाव आणि साल, शेवटी आडनावाप्रमाणे अकारविल्हे यादी. तीन किंवा जास्त लेखक असले तर वाक्यात पहिल्याचंच आडनाव आणि पुढे 'एट अल'. पुस्तकाच्या प्रकाशकाचं शहर आता लिहायचं नाही. मेडिकलवाल्यांची व्हँकुव्हर वेगळी: वाक्यात नुसता आकडा, आणि यादी मजकुरात जसे संदर्भ येतील त्या क्रमाने. म्हणून सगळ्यात आधी जर्नलच्या वेबसाईटवर लेखकांसाठीच्या सूचनांचं पान उघडा, आणि त्यांचा अलीकडचा एखादा छापलेला लेख शेजारी ठेवा. सूचना अर्धवट असतात, छापलेला लेख बरोबर सांगतो.

मोबाईलवर दोन गोष्टी पुरतात. गूगल स्कॉलरवर लेख शोधला की खाली अवतरणचिन्हाचं बटण असतं. ते दाबलं की एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड, व्हँकुव्हर अशा पाच तऱ्हा तयार मिळतात. दुसरी म्हणजे झोटेरोबिब. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही. ब्राउझरमध्ये उघडायचं, डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाकायचा, स्टाईल निवडायची, यादी कॉपी करायची. फक्त एक लक्षात ठेवा: ही यादी त्याच फोनच्या त्याच ब्राउझरमध्ये राहते. 'मेमरी फुल' झाली म्हणून ब्राउझरचा डेटा उडवला की यादीही गेली. मी हे एकदा केलंय. यादीची लिंक बनवायची सोय तिथेच आहे. ती बनवा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा.

आपल्या नावांचा घोळ

टूल स्वल्पविराम, कंस, तिरपा टाईप बरोबर लावतं. पण आपली नावं त्याला कळत नाहीत, आणि माझे जास्त तास इथेच गेले.

मी इरावती कर्वे यांचं १९६८ चं महाराष्ट्राच्या भूमीवर आणि लोकांवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक वापरलं होतं. एपीएत ते 'कर्वे, आय.' असं यायला हवं. पण आपण नाव कधी 'इरावती कर्वे' लिहितो, कधी 'कर्वे इरावती'. मी दुसऱ्या तऱ्हेने टाकलं आणि टूलने इरावती हेच आडनाव धरलं. यादीत पुस्तक 'क' ऐवजी 'इ' वर जाऊन बसलं. आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगळा असतो, तिथे हाताने भरा.

लेखक सरकार असेल तर आणखी गंमत. 'गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र' हा टूलला माणूस वाटला. आडनाव महाराष्ट्र, बाकीची आद्याक्षरं! संस्थेचं नाव सगळं एकाच रकान्यात टाकायचं, दुसरा रिकामा सोडायचा.

मग गावांची नावं. नुसतं इंग्रजीत 'पाली' शोधलं तर बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेवरचे लेख येऊन पडतात. रायगडची आणि राजस्थानची पाली वेगळीच. जोडीला 'बिंदुसरा' टाका. बीडचं स्पेलिंग तर विचारू नका. आज आपण बी डबल ई डी लिहितो, पण १९६९ च्या जिल्हा गॅझेटियरवर बी-एच-आय-आर, म्हणजे 'भीर' छापलंय. मी शहाणपणा करून शीर्षक 'दुरुस्त' केलं होतं. तसं करायचं नाही. शीर्षक छापलंय तसंच ठेवायचं, आपल्या मजकुरात मात्र आजचं स्पेलिंग. शोधताना दोन्ही टाका.

मराठी पुस्तक इंग्रजी निबंधात द्यायचं असेल तर एपीएत शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ देतात. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन निघतो. वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत, म्हणजे जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत, ७९.

पाठवण्याआधी प्रत्येक डीओआय उघडून बघा. तो १० या आकड्याने सुरू होतो. ब्राउझरमध्ये डीओआय डॉट ओआरजी, तिरकी रेघ आणि पुढे तो नंबर टाकला की मूळ लेखच उघडला पाहिजे. मी त्या दिवशी हे केलं असतं तर मिनिटभर लागलं असतं. नंतर गूगल डॉक्समध्ये 'शोधा' वापरून यादीतलं एकेक आडनाव मजकुरात आहे का, आणि मजकुरातलं यादीत आहे का, ते बघा. माझ्या यादीत दोन संदर्भ असे निघाले की त्यांचा उल्लेखच कुठे नव्हता.

आणि लायब्ररीत पुस्तक हातात आलं की पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा, दुसरा त्याच्या मागच्या बाजूचा. साल आणि प्रकाशक तिथे असतात. हव्या त्या पानांचे फोटो त्यानंतर.

सातव्या संदर्भासाठी मी दोनदा बीडला लायब्ररीत गेलो, जुने अंक चाळले. तो लेख सापडला नाही. मग संदर्भ काढला आणि त्याच्यावर उभा असलेला विहिरीच्या पाण्याचा परिच्छेदही काढला. तो माझा आवडता परिच्छेद होता. पुन्हा पाठवण्याआधी मॅडमनी प्रत्येक संदर्भाच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. १८ फोटो पाठवले. रात्री त्यांचा मेसेज आला: "आता पाठव."