वडिलोपार्जित घर विकताना

कारंजा (लाड) येथे कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका आजही सांगतात. उंटांवर कस्तुरी लादून निघालेल्या एका व्यापाऱ्याला एवढा माल घेणारे गिऱ्हाईक कुठेच मिळेना. अखेर कारंज्याच्या एका धनिक श्रावकाने तो सगळा माल एकरकमी घेतला आणि आपल्या हवेलीच्या बांधकामात कालवून टाकला. आख्यायिकेत अतिशयोक्ती असणारच. परंतु घर बांधणे म्हणजे गावात आपली पत कायमची उभी करणे, ही व्यापारी मनाची धारणा तिच्यात नेमकी उतरली आहे. म्हणूनच घर विकायचे म्हटले की सागवानी खांबांबरोबर ती पतही गेली, असे वडीलधाऱ्यांना वाटते. आणि 'आता घर काढून टाकावे' हे वाक्य बैठकीत उच्चारायलाच कित्येक कुटुंबांची वर्षे जातात.

वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा, कारंजा, कोठेही गेले तरी चित्र फारसे वेगळे नाही. कापसाच्या आणि अडतीच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या वाड्यात आता दोन म्हातारी माणसे राहतात. मुलगे पुण्यात, नागपुरात, एखादा परदेशात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून नागपूर जवळ आले. पण जवळ आलेल्या शहरातून मुले परत आली नाहीत, उलट आईवडिलांना घेऊन जाणेच सोपे झाले. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्याची डागडुजी कोणी करायची, हा प्रश्न वाढत जातो आणि एके दिवशी विक्रीचा विषय निघतो.

अमेरिकेतील होम्स आणि राहे या दोन संशोधकांनी 1967 साली आयुष्यातील ताणाच्या प्रसंगांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. जोडीदाराच्या मृत्यूला तीत 100 गुण आहेत, घर बदलण्याला अवघे 20. भाड्याचे घर सोडून दुसऱ्या गावी नोकरीला जाणाऱ्या माणसाला तो आकडा पटेलही. ज्या घराला पाच मालक, तीन पिढ्यांची दप्तरे आणि एक देवघर आहे, त्या घराला तो लागू पडत नाही.

पहिला धक्का बसतो तो कागदांचा. भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका काढली की तीवर अजून आजोबांचेच नाव दिसते. आजोबा गेले, वडील गेले, घरपट्टी वेळेवर भरली गेली; पण वारसनोंद करायचे कोणालाच सुचले नाही. दुकानाच्या उधारीचा एक रुपया चुकू न देणाऱ्या घरात घराच्याच नोंदी दोन पिढ्या मागे राहिलेल्या असतात, हे मोठेच आश्चर्य आहे. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या दस्तांवर जिल्हा अकोला असतो. बाहेरगावच्या ग्राहकाच्या वकिलाला तेवढेही समजावून सांगावे लागते. जागा नझूलची असेल तर पट्टा, त्याचे नूतनीकरण आणि हस्तांतराची परवानगी हे वेगळेच प्रकरण. आधारकार्डावरील नाव एक, खरेदीखतावरील दुसरे, आडनाव कुठे आहे कुठे नाही. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र, फेरफार या सगळ्यात काही महिने सहज जातात, आणि तोपर्यंत मिळालेला ग्राहक दुसरीकडे सौदा करून मोकळा होतो.

त्यातच खरी कसोटी असते बहिणींच्या सहीची. जैन कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखाच वाटा, हे त्या कायद्याने तेव्हापासूनच ठरवून दिले आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मानेच सहदायाद ठरली. आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित आहेत.

कायदा इतका स्वच्छ असताना घरात काय घडते? भाऊ-भाऊ बसून भाव ठरवतात, वाटे ठरवतात, ग्राहकाला शब्द देतात, आणि सगळे झाल्यावर अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या ताईला फोन जातो: "तुझी एक सही लागेल, मंगळवारी येऊन जा." ताई येते, सही करतेही. पण त्या घरात तिचे बालपण गेले, आईचे शेवटचे आजारपण तिने तिथेच काढले. आणि तिला विचारले गेले ते सर्वांत शेवटी, तेही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वेळ घेतल्यानंतर. कधी ती सही करीत नाही. मग 'ताईने पैशासाठी अडवले' अशी बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा तिला पैसा नको असतो, विचारणा हवी असते. आणि पैसा हवा असला तरी तो मागण्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण वाटा तिचाच आहे. स्वखुशीने तिला हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. पूर्वी कधी साध्या मुद्रांक कागदावर घेऊन ठेवलेली सही ऐनवेळी उपयोगी पडत नाही. परदेशातील भावाचेही तसेच: त्याचे मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित होऊन यावे लागते आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

इसार घेतल्यापासून खरेदीखत होईपर्यंतचा काळ मात्र व्यापारी माणसालाही जड जातो. दुकानात सौदा शब्दावर होतो. घराचा सौदा शब्दावर राहत नाही. इसारपावतीने मालकी जात नाही, ती जाते नोंदणीकृत खरेदीखताने. तोवर ग्राहक कर्जाच्या मंजुरीची वाट पाहतो आणि घरमालक ग्राहकाची. ग्राहकाचा वकील वृत्तपत्रात जाहीर सूचना देतो, ती वाचून दूरचा एखादा चुलत भाऊ पंचवीस वर्षांनी फोन करतो. दरम्यान दलाल रोज नवी माणसे घेऊन येतो. ती माणसे ओसरीत उभी राहून 'हे सगळे पाडावेच लागेल' असे मोठ्याने बोलतात आणि आत माजघरात सासूबाई ते ऐकत असतात. गल्लीत मालमोटार वळत नाही म्हणून भाव पडतो. उलट शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यात त्याच जागेचा दर चढा असतो. प्रत्यक्ष किंमत त्या मूल्यापेक्षा फार कमी असेल, तर मुद्रांक शुल्क आणि प्राप्तिकर या दोहोंसाठी शासकीय मूल्यच धरले जाते. रोखीचा मोहही इथेच होतो. 1 जून 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे निषिद्ध आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच होऊ शकतो. जुन्या सवयीने रोख घेणाऱ्याला ही इसाराची रक्कम दुप्पट महाग पडते.

भांडवली नफ्याचा हिशेब सनदी लेखापालाकडे विक्रीच्या आधी न्यावा, नंतर नव्हे. 2001 पूर्वीच्या घराचे 1 एप्रिल 2001 रोजीचे मूल्य काढून घ्यावे लागते. मिळालेल्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर सवलत आहे. मात्र ती रक्कम मधल्या काळात दुकानाच्या मालात फिरवली की हिशेब बिघडतो.

मग घर रिकामे करणे. मोठ्या वाड्यातून दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत जायचे, म्हणजे बहुतेक गोष्टी मागेच ठेवायच्या. लग्नात आलेली, नावे कोरलेली पितळी भांडी मोडीत घालताना प्रत्येक भांड्यावरचे नाव मोठ्याने वाचले जाते आणि काम पुढे सरकत नाही. रोजमेळ आणि खातावणीच्या वह्यांचे गठ्ठे असतात, त्यांत मोडी अक्षर असते, वाचणारे कोणी उरलेले नसते. हे गठ्ठे रद्दीत घालण्याची सर्वाधिक घाई असते आणि तेथेच थोडे थांबायला हवे. कारंज्याच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन मंदिरांपाशी जुन्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या, म्हणूनच कारंजा जैन ग्रंथमाला निघू शकली. 1931 साली पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य तीत छापले गेले. माळ्यावरच्या कापडी बासनात काय आहे हे न पाहता ते रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नये. मंदिरातील जाणत्याला किंवा कारंज्यात 1918 पासून चालू असलेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातील कोणाला एकदा दाखवायला अर्धा दिवस लागतो.

गृहचैत्यालय असेल तर प्रश्न आणखी नाजूक. प्रतिष्ठित प्रतिमा सामानाच्या गाडीत जात नाही आणि तिची नित्य पूजा खंडित करून चालत नाही. नव्या सदनिकेत ते पाळणे शक्य नसेल तर प्रतिमा गावच्या मंदिरात विधिपूर्वक विराजमान करतात. त्यासाठी मंदिराच्या विश्वस्तांशी बोलणे ग्राहक शोधण्यापूर्वी व्हावे. प्रतिमेच्या आसनावर संवत, भट्टारकांचे आणि दात्याचे नाव कोरलेले असते. ते उतरवून, छायाचित्र काढून घरातील प्रत्येक शाखेकडे द्यावे. असेच लेख गोळा करून विद्याधर जोहरापूरकर यांनी 1958 साली 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ सिद्ध केला. कित्येक कुटुंबांना आपल्या पूर्वजाचे नाव पहिल्यांदा कळते ते प्रतिमा हलवताना.

आणि आजी. तिला विचारले तर ती 'तुम्ही म्हणाल तिथे' असेच म्हणते. पण पहाटे उठून शंभर पावलांवरच्या मंदिरात जायचे, महाराजांचा विहार गावात आला की चौका लावायचा, सूर्यास्ताआधी शेजारणींबरोबर ओट्यावर बसायचे, एवढे तिचे दिवसाचे वेळापत्रक त्या गल्लीने सांभाळलेले असते. पुण्यातल्या सातव्या मजल्यावरून मंदिराला रिक्षा लागते आणि रिक्षासाठी नातवाचा मोकळा वेळ. घर शोधताना मुले मोटार ठेवायची जागा पाहतात, शाळा पाहतात. मंदिर चालत किती मिनिटांवर आहे, हे पाहायला आजीलाच सोबत न्यावे. विकण्याआधी तिला नव्या घरी महिनाभर राहू द्यावे. काही कुटुंबांनी सौद्यातच ताब्याची मुदत चातुर्मास संपेपर्यंत लिहून घेतली, तेवढ्यानेही तिचे मन पुष्कळ सावरले.

किल्ल्या दिल्या जातात त्या दिवशी वाड्यात फारसे काही उरलेले नसते. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा असतात, त्या पुसायच्या की तशाच ठेवायच्या यावर दोन भाऊ क्षणभर घोटाळतात. तशाच ठेवतात. विजेचे मीटर नव्या मालकाच्या नावावर करायचे राहून जाते आणि पुढे कित्येक महिने त्या पत्त्यावर देयक येत राहते, आजोबांच्याच नावाने.