गाडीला ट्रेलर जोडण्याआधी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे एक नाही, दोन-दोन ट्रॉल्या दिसू लागतात. कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर, कुठेही जा. त्यामुळे 'मागे काहीतरी जोडून ओढणे' ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात कोणालाच नवी वाटत नाही. आता घरोघरी छोट्या एसयूव्ही आल्या आहेत. वलीम्याच्या देगा, मांडवाचे सामान, जनरेटर, शेतातली फवारणीची टाकी असे काही न्यायचे असले की घरातला तरुण सहज म्हणतो, "चाचा, टेम्पो कशाला? आपल्याच गाडीला हुक लावू."

या 'सहज'बद्दल आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. ट्रॅक्टर मुळात ओढण्यासाठी बनतो, छोटी एसयूव्ही माणसे बसवून नेण्यासाठी. दिसायला ती दणकट असली तरी चार मीटरच्या आतली ही गाडी वजनाने साधारण हजार ते साडेबाराशे किलोची असते. तिचे ब्रेक, स्प्रिंग आणि क्लच तेवढ्याच हिशेबाने बसवलेले असतात.

म्हणून पहिले काम म्हणजे गाडीसोबत आलेले पुस्तक उघडणे. ट्रेलर ओढता येतो का आणि किती वजनाचा, हे त्यात पाहावे. पुस्तकात 'ओढू नये' असे लिहिले असेल तर विषय तिथेच संपला. हा आकडा अंदाजाने लिहिलेला नसतो. देशात विक्रीपूर्वी गाड्यांच्या मॉडेलची तपासणी करण्यासाठी ज्या संस्था नेमलेल्या आहेत, त्यांतली एक आपल्याच शहराजवळ वाहननगरला आहे: संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था. एवढी पारख झालेल्या गाडीखाली गल्लीतल्या वेल्डिंगचा हुक ठोकणे शहाणपणाचे नाही.

दुसरी बाब कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा 'मोटार वाहन'च आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाला छेद देणारा बदल गाडीत करता येत नाही. विम्याच्या कंपनीलाही आधी लेखी विचारावे. अपघातानंतर विचारून उपयोग नसतो.

परवानगी आहे, ट्रेलर नोंदलेला आहे, असे धरून पुढे जाऊ. आता वजन. कांदा आणि उसाच्या या मुलखात वजनकाट्यांची वाण नाही. भरलेला ट्रेलर एकदा काट्यावर घालावा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचे भरलेले वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून कमीच असावे. पुस्तकात त्याहून कमी आकडा असेल तर तोच पाळावा.

किती वजन आहे याइतकेच ते कुठे ठेवले आहे, हेही महत्त्वाचे. जड देग मागच्या टोकाला ठेवली की ट्रेलरचे नाक वर उचलले जाते आणि वेगात तो शेपटीसारखा हलू लागतो. जड सामान चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे, अगदी खाली ठेवावे. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हुकावर यावा. म्हणजे ४०० किलोच्या ट्रेलरचा २० ते ४० किलो. सामान दोरखंडाने आवळून वर ताडपत्री बांधावी.

सफरची दुआ पढून निघणे आपल्या घरांत रूढ आहे. त्याआधी दहा मिनिटे गाडीमागे घालवावीत. हुकाची पिन आणि तिची खीळ बसली का? हुकाखालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावल्या का? ब्रेकचा लाल दिवा, इंडिकेटर आणि मागचे परावर्तक चालू स्थितीत आहेत का? ट्रेलरच्या टायरमध्ये हवा आहे का? अंधारात उभ्या असलेल्या बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. आपला ट्रेलर कोणाच्या घरचा असा मातम होऊ नये.

रस्त्यावर वेग कमी ठेवावा. ४०चा वेग ६० केला तर ब्रेकला सव्वादोन पट जोर जिरवावा लागतो, आणि मागचे ओझे गाडीला पुढे ढकलतच असते. करंजी किंवा इमामपूर घाटाच्या उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा. सतत ब्रेक दाबून धरला की तो तापतो आणि पकड सोडतो. ट्रेलर डोलायला लागला तर घाबरून ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगही उलटसुलट फिरवू नये. स्टिअरिंग सरळ धरून फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. हात ज्या बाजूला सरकेल, त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक वळते. मोकळ्या मैदानात याचा सराव करावा आणि मुलांना दूर उभे करावे.

दोन गोष्टी मात्र मुळीच करू नयेत. ट्रेलरमध्ये माणसे, विशेषतः पोरे, बसवू नयेत, मग अंतर गल्लीपुरते का असेना. आणि बकरी ईदच्या दिवसांत घोडेगावच्या बाजारातून बकरे अशा ट्रेलरमध्ये आणू नयेत. जनावरांच्या वाहतुकीसाठी कायमचे कप्पे असलेली, खास परवान्याची गाडी लागते. शिवाय हलते ओझे तोल बिघडवते आणि मुक्या जिवाचेही हाल होतात.

घरातल्या बायकांनाही आमचे सांगणे आहे: "पिन पाहिली का? दिवे पाहिले का?" हे निघण्याआधी जरूर विचारा. पुस्तक, काटा आणि कागदपत्रे यांपैकी एकही 'नाही' म्हणत असेल, तर टेम्पोचे भाडे देऊन मोकळे व्हावे. वलीम्याच्या एवढ्या खर्चात ते भाडे जड नसते.