निकालाची नक्कल

पार्किंगच्या पत्र्याखाली दोन टेबलं जोडून तालुका विधी सेवा समितीचं शिबिर मांडलंय. अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं न्यायालय, शनिवारची सकाळ. रांगेत बहुतेक पारधी वस्त्यांवरची तरुण मुलं आहेत. पोलिसांच्या नोंदीत नाव आहे आणि त्यापायी काम मिळत नाही, हे प्रत्येकाचं गाऱ्हाणं.

पहिला मुलगा कॅरीबॅगेतून कागद काढतो. समन्स, जामिनाचे कागद, आधारकार्डाची झेरॉक्स. पुण्यात सुरक्षारक्षकाचं काम ठरलंय, गणवेशाचं मापही देऊन झालंय. पण चारित्र्य पडताळणीत 2017 चा चोरीचा गुन्हा निघाला.

"त्यात सुटलोय मी ताई. कोर्टानं सोडलंय. ठाण्यात म्हणतात, तसा कागद आण."

वकीलबाई समन्सवरचा खटला क्रमांक मोबाइलवर टाकतात. पान उघडायला वेळ लागतो. मग निकाल दिसतो: निर्दोष मुक्तता, 2021. मुलगा वाकून बघतो.

"हेच दाखवलं तर?"

"नाही चालत. शिक्क्याची नक्कल लागते."

बाहेर एकाने त्या नकलेचे तीन हजार मागितलेत. सरकारी फी त्यापुढे काहीच नाही, पण हेलपाटे आहेत आणि प्रत्येक हेलपाट्याला रोज बुडतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा. त्याच्या कलम 12 प्रमाणे पारध्यांसारख्या अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, आणि प्रमाणित नक्कल काढून देणं त्या मदतीतच येतं. हे त्याला आज, या टेबलाशी कळतंय. मला याचा राग येतो. न्यायालयात संगणक आहे, ठाण्यात संगणक आहे. गुन्हा नोंदवताना याला कुणी हेलपाटे घालायला लावले नाहीत. सुटल्याची नोंद करायला मात्र यानेच कागद घेऊन फिरायचं. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्याने 2018 साली कायदा करून सुटलेल्यांच्या नोंदी आपोआप झाकायची सोय केली. अर्ज नको, फी नको. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही.

रांगेत एक म्हातारबाबा नातवासोबत आलेत. लहानपणी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये बापाचं बोट धरून हजेरीला जायचो, म्हणतात. ज्या कायद्याखाली या जमातींना तिथं ठेवून हजेरी घेत, तो 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला. ठाण्याच्या वहीशी या घरांचं नातं काही सुटलेलं नाही.

दुसऱ्याचं प्रकरण अवघड आहे. त्याला शिक्षाच झालीय. मार्च 2018, मोबाइलची चोरी.

"केली होती का?" वकीलबाई सरळ विचारतात.

"नाही. पण कबूल कर, दंड भर, आजच घरी जाशील, असं सांगितलं. आईनं उसने आणून दंड भरला."

आता स्कूलबसवर चालक व्हायचंय, आणि तो दंड आडवा येतोय. त्या दिवशी कुणी शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणाऱ्या 1958 च्या परिवीक्षा कायद्याचं नाव काढलं असतं आणि न्यायालयाने तो लावला असता, तर त्याच्या कलम 12 मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता टळली असती. वकीलबाई निकाल पुन्हा वाचतात. बोट वयाच्या रकान्यावर थांबतं. "अंदाजे 19."

"हे वय कुणी सांगितलं?"

"जमादारांनी. बघूनच लिहिलं."

"शाळेत गेलास कधी?"

"तिसरीपर्यंत. झेडपीच्या."

वकीलबाई मुख्याध्यापकांना फोन लावतात. शनिवारची शाळा सकाळची, गुरुजी अजून आहेत. कपाट उघडल्याचा, रजिस्टरं खाली ठेवल्याचा आवाज येतो. मुलगा दोन्ही हात टेबलावर टेकून उभा आहे. अंगठ्याचं नख ग्रीसने काळं झालंय. गुरुजी नाव वाचतात, बापाचं नाव विचारून खात्री करतात.

"जन्मतारीख 1 जून 2001."

पहिलीत घालताना गुरुजींनीच बहुतेकांना दिली तशी 1 जून. पण कायद्याला शाळेचा दाखला चालतो. म्हणजे त्या मार्चमध्ये हा सोळाच वर्षांचा होता. बाल न्याय कायदा 2015 सांगतो की, अल्पवयीन असल्याचा दावा खटला निकाली निघाल्यावरही करता येतो. आणि कलम 24 प्रमाणे अशा मुलाला दोषी ठरल्याची अपात्रता चिकटत नाही.

"म्हणजे पुसलं जाईल?" तो विचारतो.

"अर्ज करू. न्यायालय तपासेल. आज सांगून होणार नाही." वकीलबाई कोरा कागद पुढे ओढतात. "गुरुजी, जनरल रजिस्टरचा उतारा लागेल, सही-शिक्क्याचा. मुलगा आत्ता निघतोय. अर्ध्या तासात पोचेल, तेवढं थांबा."

पहिला मुलगा नकलेच्या अर्जावर सही करून उठलाय. मोटरसायकल त्याची आहे. "चल, मी सोडतो," म्हणत तो किल्ली काढतो.