वलवणचे महासीर केंद्र

लोणावळ्याच्या वलवण तलावालगत टाटा पॉवर कंपनीचे महासीर मत्स्यबीज केंद्र आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून येथे दख्खनी महासीर या नदीतल्या माशाचे कृत्रिम प्रजनन होते. हा मासा मूळचा याच परिसरातला. कर्नल साइक्सने 1839 साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या नमुन्यांवरून.

लोणावळा, वलवण आणि शिरोता हे तलाव बांधले गेले ते विजेसाठी. या योजनेची कोनशिला 8 फेब्रुवारी 1911 रोजी बसली आणि 1915 मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळणारे इंद्रायणी खोऱ्यातले पाणी घाटाखाली उतरवून पुढे पाताळगंगेत सोडले जाऊ लागले. सह्याद्रीतल्या अशा तलावांची किंमत शेतकऱ्यांनीही मोजली आहे. शेजारच्या मुळशीत 1921 साली धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, हे विसरता येत नाही.

धरणांचा फटका महासीरलाही बसला. पावसाळ्यात नदीला पाणी चढले, की हा मासा प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि गोट्या-वाळूच्या तळावर, स्वच्छ वाहत्या पाण्यात अंडी घालतो. कटला-रोहूच्या मानाने त्याची अंडी आकाराने मोठी, पण संख्येने फारच थोडी असतात. वाटेत भिंत आली, तळावर गाळ बसला किंवा सुरुंग लावून मासेमारी झाली, तर त्या वर्षीची पिढीच बुडते.

वलवणच्या केंद्राने अंडी ते पिल्ले हा नेमका हाच टप्पा हाती घेतला. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्या प्रयोगांनी पद्धत बसवली. जुलै-ऑगस्टच्या पावसात तलावातून अंड्यावर आलेल्या माद्या पकडायच्या, पोटावरून हलकेच हात फिरवून पिवळसर अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे, आणि पाणी मागाहून घालायचे. पाणी आधी घातले, तर फलन नीट होत नाही. फलित अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. पाणी 24 ते 26 अंश सेल्सिअस असेल, तर 60 ते 80 तासांत पिल्ले बाहेर येतात. ओल्या कापसात ठेवून ही अंडी विमानाने दूरवर पाठवता येतात, हेही या दोघांनी 1979 साली प्रसिद्ध केले. येथली पिल्ले त्यानंतर देशातल्या अनेक राज्यांत गेली. हिमालयातल्या सोनेरी महासीरचे प्रजननही येथे झाले.

दख्खनी महासीर पूर्वी जागतिक लाल यादीत संकटग्रस्त होता. आता तो कमी चिंतेच्या गटात आहे. मात्र कावेरीतला अनुभव सावध करणारा आहे. तिथे लोणावळ्याची पिल्ले सोडली गेली, ती भरभराटली, आणि त्याच नदीतला मूळचा कुबडा महासीर मागे पडत गेला. 2018 पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडणे म्हणजे संवर्धन नव्हे, हा धडा महागात मिळाला.

केंद्राच्या कामाला जमिनीची जोड आहे. तलावांच्या पाणलोटात कंपनीने वृक्षलागवड केली आहे, कारण उघड्या डोंगरावरची माती थेट तलावात उतरते. लोणावळ्यात वर्षाला सुमारे साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या माऱ्यात माती धरून ठेवायला झाडांची मुळे, गवत आणि पालापाचोळाच लागतो. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि मावळात जमिनींना भाव आला. बंगले, फार्महाऊस आणि रस्त्यांसाठी डोंगर कापले जात आहेत. कापलेल्या उतारावरची लाल माती ओढ्यांवाटे इंद्रायणीत जाते आणि महासीरला लागणारा गोट्यांचा तळ बुजवते.

लोकांनी राखलेले महासीर मात्र या केंद्राहून जुने आहेत. महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे देवाचे म्हणून कोणी मारत नाही. देहूच्या डोहातही मोठमोठे महासीर असेच श्रद्धेने जपले गेले होते. त्या डोहाला कारखान्यांचे आणि सांडपाण्याचे प्रदूषण बाधले. श्रद्धा माशाला जाळ्यापासून वाचवू शकली, पण वरून येणाऱ्या घाण पाण्यापासून नाही.

बीज तयार करण्याचा प्रश्न वलवणला पन्नास वर्षांपूर्वीच सुटला. कुरवंड्याच्या उगमापासून देहूपर्यंत इंद्रायणीत महासीर पुन्हा स्वतःहून वाढायचा असेल, तर सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय नदीत जाऊ नये आणि पाणलोटातले उतार कापले जाऊ नयेत. हे काम मत्स्यबीज केंद्राचे नाही. ते लोणावळा नगर परिषद, मावळातल्या ग्रामपंचायती आणि तिथे जमिनी घेणारे यांनीच करायचे आहे.