मोरीकडेला उगवणारं भेद्रं

वाशिम, रिसोड, मंगरूळपीरकडच्या खेड्यांत मोरीचं पाणी जिथे मुरतं, तिथे पावसाळा सरताना भेद्र्याचं, म्हणजे बारक्या देशी टोमॅटोचं, एखादं झाड आपसूक उगवलेलं दिसतं. खरकट्यातून बी तिथवर गेलेलं असतं, आणि थंडी पडली की बोराएवढ्या आंबट फळांचे घोस लोंबू लागतात. फुकटचं म्हणून त्याची किंमत केली जात नाही. परसात मुद्दाम पेरायला मात्र मला तेच झाड सर्वांत योग्य वाटतं.

मुळात फळाच्या आत एवढा ओलावा असून बी तिथेच का उगवत नाही? बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात विरघळलेली साखर आणि क्षार असतात, त्यामुळे बियांना पाणी ओढून घेता येत नाही. शिवाय अंकुर रोखून धरणारं अ‍ॅबसिसिक आम्लही असतं. मोरीकडेला हा गर कुजतो, धुऊन जातो आणि बी मोकळं होतं. घरी हेच करायचं. पूर्ण पिकलेली फळं वाटीत पिळावी, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्यावी. वर साय धरते, वास सुटतो, पोचट बी तरंगतं आणि भरलेलं तळाशी बसतं. ते चाळणीत चोळून धुवावं आणि ताटलीत सावलीला वाळवावं. वाळलेलं बी निरखून पाहिलं तर त्यावर बारीक करडी लव दिसते.

पेरणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात करावी. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यात कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून रोपांपुरतं कुंडीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून घ्यावं. अर्धा-एक सेंटिमीटर खोल टाकलेलं बी आठवडाभरात वर येतं. रोप वीतभर झालं की खालची पानं काढून खोडाचा तेवढा भाग मातीत गाडावा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

पेरणीची ही वेळ फुलांसाठी साधायची. दिवसा 35 अंशांच्या वर आणि रात्री 24 अंशांच्या वर पारा राहिला की पराग निकामी होतात, फुलं गळतात. आपल्याकडचा उन्हाळा त्याच्या कितीतरी पुढे जातो. फळाचा लाल रंग देणारं लायकोपिनही कडक उन्हात नीट तयार होत नाही. एप्रिलमधली फळं पिवळट-नारिंगी राहतात ती त्यामुळे.

टोमॅटोचे पराग नळीसारख्या कोशात बंद असतात. काळा भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, गुणगुणतो आणि पराग खाली झडतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही. भुंगे येत नसतील तर सकाळी घोसाच्या देठाला हलकी टिचकी मारावी, तेवढं पुरतं.

पेरू आणि इक्वेडोरमधला टोमॅटोचा रानटी पूर्वज वाटाण्याएवढाच. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मोठी फळं निवडली. त्या मोठेपणातला काही वाटा एका जनुकाचा आहे, हे 2000 साली सिद्ध झालं. 2012 साली आणखी एक गोष्ट कळली. फळ एकसारखं पिकावं म्हणून फिकट हिरव्या कच्च्या फळांची झाडं निवडत गेल्याने फळात हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक निकामी झालं होतं, आणि त्यासोबत थोडी साखरही गेली. आपल्या भेद्र्याचं कच्चं फळ देठाकडे गडद हिरवं दिसत असेल, तर ते जनुक त्यात अजून शाबूत आहे.

मोठ्या टोमॅटोचं बूड काळं पडतं तेव्हा लोक चुना घालतात. पण आपल्या काळ्या जमिनीत चुना बहुधा भरपूर असतो. तो फळापर्यंत पाण्याबरोबरच जातो, म्हणून एक दिवस पूर आणि चार दिवस कोरडं, असं पाणी दिलं की फळ उपाशी राहतं. छोट्या फळांना हा त्रास कमी होतो. तरीही बुडाशी सोयाबीनचं कुटार अंथरावं आणि पाणी नेमाने द्यावं.

हायब्रिड पाकिटाच्या झाडाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी भलतंसलतं निघू शकतं. देशी भेद्रं बहुतांशी स्वतःच्याच परागांवर फळतं, त्यामुळे लेकरू आईवरच जातं. पानं चुरडलेलं झाड बियांसाठी धरू नये. निरोगी झाडावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसाला दोरा बांधून तो पूर्ण पिकू द्यावा. बी कोरडं आणि थंड जागी ठेवलं तर चार वर्षं तरी उगवतं. पुडीवर साल लिहावं.