पिंगळा आणि रानपिंगळा

वसईजवळच्या वटारसारख्या वाड्या-बागांच्या गावात विद्यार्थ्यांना पिंगळा दाखवायला फार खटपट पडत नाही. दिवेलागणीला तो झाडाच्या ढोलीतून बाहेर येतो, तारेवर बसून मान खालीवर करतो आणि भांडल्यासारखा चिरकतो. (पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी याच पक्ष्याची भाषा आपल्याला कळते म्हणतो.) त्याचा भाऊबंद रानपिंगळा वटारपासून सरळ रेषेत सुमारे 50 किलोमीटरवर, तानसा अभयारण्यात आहे, हे मात्र 2014 साली उघडकीस आले.

दोघे एकाच गणातले, एकाच कुलातले आणि वीतभर लांबीचे. तरी 1873 साली ह्यूम यांनी रानपिंगळ्यासाठी 'हेटेरोग्लॉक्स', म्हणजे 'वेगळे घुबड', अशी स्वतंत्र प्रजाती केली. चोच थोराड, पंजे दणकट, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट पांढरे, आणि शिकार दिवसाढवळ्या! पुढे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याला पिंगळ्याच्याच प्रजातीत बसवले. म्हणून पिंगळा 'अथीनी ब्रामा', तर रानपिंगळा 'अथीनी ब्लेविटी'.

प्रजाती एक, मग दोघांची स्थितीही सारखी असेल का? मुळीच नाही. आययूसीएनच्या लाल यादीत पिंगळ्याची काळजी करण्याजोगी स्थिती नाही. रानपिंगळा 'संकटग्रस्त' आहे. वर्गीकरण नाते सांगते, लाल यादी नामशेष होण्याचा धोका मोजते. पिंगळ्याला भिंतीतले भोकही घरट्याला चालते. रानपिंगळ्याला सागाचे विरळ पानझडी जंगल लागते आणि त्यात ढोली असलेली जुनी झाडे. तीच आधी तुटतात.

एका खोट्या चिठ्ठीनेही त्याचे नुकसान केले. संग्रहालयातल्या एका नमुन्यावर माइनर्ट्‌झहागेन यांनी 'मांडवी, 1914' असे लिहिले होते. तो नमुना खरे तर डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला, चोरून नव्याने पेंढा भरलेला होता. शोधणारे भलत्याच ठिकाणी फिरले. पामेला रासमुसेन यांनी ही चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. 1884 नंतरची ही पहिली खात्रीची नोंद.

पुढे मेळघाट, यावल, तानसा येथेही तो सापडला. त्यामुळेच 2018 साली त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आली. प्रजाती बदलली त्याच साली हे घडले, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. पक्षी वाढले असेही नाही, माहीत असलेली ठिकाणे वाढली.